खालच्या शहरातली चारशे बारा माणसं

२ सप्टेंबर, सोमवार

छोट्या,

आज साडेपाचला कामावरून आले. येताना किल्लीवाल्याला घरी आणलं आणि बाबांच्या कपाटाची नवी किल्ली करून घेतली, कारण जुनी कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही. कपाट उघडलं. वरच्या फळीवर नकाशांच्या गुंडाळ्या, मधल्या फळीवर चोवीस वह्या, खाली बुटांची चार खोकी आणि त्यांत कार्डं. काही हलवलं नाही. जेवले, भांडी घासली, आता लिहायला बसले आहे.

तुझा दोन ओळींचा निरोप मिळाला. बाबा ९ ऑगस्टला गेले हे तुला वेळेवर कळवलं होतं. तू का आला नाहीस ते मी विचारत नाही. फोन नंबर आहे माझ्याकडे. पण फोनवर तू बोलशील, मग मला बोलता येणार नाही. म्हणून कागद.

कारण असं की काल टेलरकाका आणि मास्तर आले होते. टेलरकाकांचं दुकान आता त्यांचा जावई बघतो, आणि मास्तरांना गणित शिकवणं सोडून आठ वर्षं झाली. दोघेही रविवारी तीन वाजता आले, खेळाच्या नेहमीच्या वेळेला, आणि नेहमीच्या खुर्च्यांवर बसले. मी चहा केला. मग टेलरकाका म्हणाले, "पोरी, आम्ही दोघं चोवीस वर्षं त्या खालच्या शहरात आहोत. तुझा बाप आम्हाला तिथे सोडून गेला. आता बाहेर कोण काढणार?"

मास्तर म्हणाले, "बाहेर काढ असं नाही म्हणत आम्ही. पुढे ने."

मी म्हटलं, मी कधी खेळ चालवला नाही. मी तुझ्यासारखी बडबडी नाही, हे त्यांना माहीत आहे. टेलरकाका म्हणाले, "तुझा बाप तरी कुठे बडबड्या होता? पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात लोकांना वाटायचं की याला वाचा नाही. इथे पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसला की चारशे माणसांचे आवाज काढायचा."

अडचण एकच आहे. नियमांचं जुनं पुस्तक तुझ्याकडे आहे. अकरा वर्षांपूर्वी घर सोडलंस त्या गुरुवारी कपड्यांच्या बॅगेत घालून नेलंस, ते मी पाहिलं होतं. बाबा त्यानंतर सगळं आठवणीवर चालवायचे. ते पुस्तक आता छापत नाहीत. चार वर्षांपूर्वी बाबांनी नवी आवृत्ती आणली, ती कपाटात आहे, पण तिच्या नियमाने ते खेळल्याचं काकांना आठवत नाही. म्हणजे माझ्याकडे शहर आहे जुन्या आवृत्तीचं आणि पुस्तक आहे नवीचं.

पुस्तक परत पाठव असं मी म्हणत नाही. मी जुने आकडे नव्यात बसवीन. कामावर तेच तर करते.

त्या रविवारबद्दल मी लिहिणार नाही. तुला आठवतं, मला आठवतं, तेवढं पुरे.

ताई


८ सप्टेंबर

छोट्या,

आज रविवार. सकाळी आठपासून बाबांच्या टेबलावर बसले होते. दीडशे कार्डं झाली.

तू गेलास तेव्हा मी हिशेबखात्यात होते. आता सात वर्षं मी गेज तपासते. बॉयलरवर, पंपावर दाब दाखवणारी जी घड्याळासारखी तबकडी असते, ती आमच्या वर्कशॉपमध्ये येते. खऱ्या गेजला जोडून बघायचं, काटा किती चुकतो ते लिहायचं आणि शिक्का मारायचा. जुनी गेजं एका मापात, नवी दुसऱ्या मापात. भिंतीवर तक्ता आहे, पण मला आता त्याची गरज पडत नाही.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, डबा खाताना कसलं गणित करतेस. मी सांगितलं, एक खेळ आहे. एक जण सूत्रधार असतो, तो प्रसंग सांगतो. बाकीचे आपापलं पात्र घेतात आणि पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की नाही ते फासा ठरवतो. त्या म्हणाल्या, "मग जिंकतं कोण?" मी म्हटलं, कोणीच नाही. त्या म्हणाल्या, "आणि संपतो कधी?" मी म्हटलं, आमचा चोवीस वर्षं चाललाय. त्यांनी माझ्या डब्यात आपली एक पोळी ठेवली आणि पुढे काही विचारलं नाही. वडील गेल्याचा परिणाम आहे असं त्यांना वाटलं असावं.

तर आकडे. जुन्या आवृत्तीत चिलखताचा आकडा उलटा चालतो. नऊ म्हणजे अंगावर साधे कपडे, दोन म्हणजे पुरतं लोखंड. जितका कमी तितकं चांगलं. नव्यात सरळ आहे, जितका जास्त तितकं चांगलं. म्हणून विसातून जुना आकडा वजा केला की झालं. आपल्याला शहरात उतरवणाऱ्या नाववालीचं चिलखत सात, म्हणजे आता तेरा. प्राण नऊ, ते नऊच. मार भाल्याचा, तो तसाच. कार्डाच्या तळाशी बाबांनी आणखी दोन आकडे लिहिले आहेत, एकापुढे "धीर" आणि दुसऱ्यापुढे "भेट". नव्या पुस्तकात मी सगळीकडे शोधलं, त्यांना कुठेच रकाना नाही. ते सोडून दिले.

एक सांगायचं राहिलं. मी कार्डं मोजली. चारशे बारा आहेत. मला वाटायचं, बाबा ऐन वेळी काहीतरी सुचून सांगतात. काहीच ऐन वेळचं नव्हतं. आपण ज्या गल्लीत कधी पाऊल टाकलं नाही, तिथल्या कासाराचं कार्ड आहे, त्याच्या बहिरेपणासकट. त्याच्या घरातली पाण्याची नळी नकाशावर आहे, तिची जाडीसुद्धा. शहर तळ्याखाली आहे, सात मजले खाली, आणि पाणी कुठून आत येतं, कुठून उपसून बाहेर टाकतात, याचा नकाशा बाबांनी ऑफिसातल्या नकाशांसारखाच काढला आहे. एका शाईत येणारं पाणी, दुसऱ्या शाईत जाणारं. मी दोन तास बोट फिरवून बघितलं. एक थेंबसुद्धा कुठे अडकत नाही.

पुढच्या रविवारी खेळून बघणार आहोत.

ताई


१५ सप्टेंबर

छोट्या,

आज वाईट झालं.

तीन वाजता दोघे आले. टेलरकाकांचा तोच सरदार, मास्तरांचा तोच चोर. चाळीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडणारा माणूस चोवीस वर्षं चोर खेळतो, यावर तू हसायचास. मी बाबांच्या जागेवर बसले, पुठ्ठ्याचा आडोसा पुढे उभा केला. कार्डं तीनदा उलटसुलट लावली, पण आडोशामुळे ते कोणाला दिसलं नाही. आडोसा कशासाठी असतो ते मला आज कळलं.

त्यांची पात्रं तळ्याच्या काठावर आली होती. नाववालीला मी आणलं.

"ती तुमच्याकडे बघते," मी म्हटलं.

"हातात काय आहे?" टेलरकाकांनी विचारलं.

"वल्हं. आणि पाठीला भाला."

नव्या पुस्तकात लिहिलं आहे, समोरासमोर आले की आधी कोणाचा डाव ते फाशाने ठरवा. मी ठरवायला लावलं. एकदा तो फासा पडला की पुढचं आपोआपच होतं. माझ्यापुढच्या कार्डावर तिचं चिलखत, प्राण आणि मार, एवढंच होतं, म्हणून मी तिला तेवढंच करायला लावलं. सरदाराने तलवार काढली. नव्या आवृत्तीतली खेळाडूंची पात्रं तगडी आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन फेऱ्यांत संपलं.

टेलरकाकांनी फासा हातात तसाच धरून ठेवला. "मेली?"

"हो."

"अगं, पण आपण हिला वीस वर्षं ओळखतो."

मास्तर आडोशाकडे बघत होते, जणू मागे बाबाच आहेत. म्हणाले, "उतरायचं भाडं म्हणून ती गोष्ट मागायची. दर खेपेला नवी. शाळेतल्या पोरांच्या माझ्या सगळ्या गोष्टी तिला सांगून संपल्या होत्या. मग मी रात्री जागून खोट्या रचायला लागलो."

"खोट्या होत्या?" टेलरकाका म्हणाले. "त्या बिचारीला ठाऊक होतं का?"

"तुझ्या सगळ्याच खोट्या होत्या, शिंप्या, तरी ती तुला उतरवायचीच."

दोघे हसले, आणि मग टेलरकाकांनी चष्मा काढून पुसला. उगाच. मी म्हटलं, हे धरायचं नाही, माझी चूक आहे. मास्तर म्हणाले, "तुझा हिशेब बरोबर आहे. मी मनात करून बघितला. पण काहीतरी गाळलंयस तू. तुझे बाबा आडोशामागे आधी दोन फासे टाकायचे. आवाज यायचा. काय पडलं ते कधी सांगितलं नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही."

ते गेल्यावर मी पुन्हा कार्ड बघितलं. धीर आणि भेट. नव्या तबकडीवर जागा नाही म्हणून जुन्या तबकडीवरची खूण खोडून टाकायची, असं मी कामावर कधी केलं नसतं. कोणी केलं असतं तर शिक्का मारला नसता.

म्हणून एवढंच मागते. पुस्तकात या दोन शब्दांखाली काय लिहिलंय ते मला कळव. पुस्तक ठेव तू.

ताई


२४ सप्टेंबर

छोट्या,

तुझं पाकीट आज दुपारी मिळालं. एका पानाची झेरॉक्स, चिठ्ठी नाही. चालेल.

पण त्याआधी मी काय केलं ते सांगते. तू पाठवशील याची मला खात्री नव्हती. खुणा पुसल्या गेलेलं गेज आलं, तर आम्ही ते टाकून देत नाही. माहीत असलेला दाब देत जायचं आणि काटा कुठे जातो ते टिपत जायचं. बाबांच्या वह्यांत प्रत्येक रविवारचं पान आहे. कोण भेटलं, दोन फाशांची बेरीज किती, पुढे काय घडलं. मी पहिल्या वहीपासून सगळ्या भेटी उतरवल्या. दोन दिवस रजा काढली. अकराशे त्रेसष्ट भेटी.

बेरीज दोन आली तर समोरचा अंगावर येतो. तीन ते पाच आली तर वैर धरतो. नऊ किंवा वर आली तर मदत करतो, बारा आली तर तुमचाच होऊन जातो. "भेट" हा आकडा त्या बेरजेत मिळवायचा, म्हणजे कोणी मुळात मनमिळाऊ, कोणी तुसडा. एवढं सुटलं. पण सहा, सात, आठ यांचं काही जमेना. कधी भांडण, कधी दोस्ती, कधी नुसतंच काहीबाही. आणि सगळ्यात जास्त वेळा तेच आकडे पडतात. मी तिथे "वैर" असं लिहून टाकलं. खात्री नसेल तर धोक्याच्या बाजूने धरायचं, ही आमच्याकडची रीत.

मग तुझं पान आलं. सगळं जुळलं, तेवढं एक सोडून. पुस्तकात सहा ते आठसमोर लिहिलंय, "अनिश्चित. सूत्रधाराने थांबावे. खेळाडू काय बोलतात ते ऐकावे आणि पुन्हा फासे टाकावेत."

मी ते वाक्य वाचून उठले, आणि खोलीत उगाच इकडून तिकडे गेले.

छोट्या, अकराशे त्रेसष्ट भेटींत मारामारी झाली चौऱ्याहत्तर वेळा. बाकी बहुतेक वेळी त्या आडोशामागे बाबा थांबले होते. आपण आपली भाषणं ठोकत होतो, तू कोणाच्याही दाराला लाथ मारायचास, टेलरकाका थापा मारायचे, आणि ते ऐकत होते, पुन्हा फासे टाकत होते, समोरच्याला आणखी एक संधी देत होते. जो माणूस घरात दिवसाला दहा वाक्यं बोलायचा.

आणि धीर. कोणाच्या बाजूचं कोणी पडलं की दोन फासे टाकायचे. बेरीज धीराच्या वर गेली की तो माणूस खचतो, शस्त्र टाकतो, पळतो. चारशे बारा जणांचा धीर बाबांनी वेगवेगळा लिहिलाय. मी सगळी कार्डं धीराप्रमाणे लावून जमिनीवर पसरली, तीन ते बारा. पलंगाखालपर्यंत रांग गेली. पंपघराचा रखवालदार, तो धिप्पाड, ज्याला आपण घाबरायचो, त्याचा धीर तीन. शेजारी बारीक अक्षरात, "आवाज मोठा. कोणी हसू नये." सुईणीचा अकरा. दिवे लावणाऱ्या म्हाताऱ्याचा चार, पण पुढे, "नात सोबत असेल तर दहा." नाववालीचा बारा. बेरीज बाराच्या वर जातच नाही. ती कधीच खचत नाही.

मी त्या कार्डांच्या मधोमध बसून राहिले. देवळात बसावं तसं म्हणणार होते, पण तसं नव्हतं. एखाद्या धरणाच्या भिंतीखाली उभं राहून वर बघावं, तसं होतं. हा माणूस शेजारच्या खोलीत होता आणि मी त्याला औषधं घेतलीत का एवढंच विचारत होते.

तुझ्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं आहे, तुझं आठव्या वर्षीचं अक्षर. "नाववाली झोपते कुठे?" खाली बाबांचं, "नावेतच. का?" खाली तुझं, "असंच." झेरॉक्स काढताना तुला ते दिसलं असणार.

नव्या आवृत्तीतही या दोन आकड्यांसाठी मी प्रत्येक कार्डावर हाताने रकाना आखला आहे.

ताई


२९ सप्टेंबर

छोट्या,

लिहिणार नाही म्हटलं होतं, ते आज लिहिते.

अकरा वर्षांपूर्वीची वही मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. भेटी मोजताना ते एक पान उलटून पुढे गेले होते. आज दुपारी उघडलं.

तुला आठवतं ते असं. ओला जिना, भालेकरी वर, तुझा वाटाड्या सगळ्यांच्या पुढे. प्राण तीन उरले होते. माझी वैद्यीण तुझ्या मागे दोन पावलांवर. बाबांनी विचारलं, "वैद्यीण, तुझा डाव. काय करतेस?" मी म्हटलं, "माझे उपचार संपले. मी जागेवरच." भाला लागला, पाच. जुन्या आवृत्तीत शून्य म्हणजे मरण, दुसरी बात नाही. तू म्हणालास, "बाबा, एकदा तरी." बाबा म्हणाले, "फासा पडला." तू त्याच दिवशी सकाळी त्यांना कॉलेज सोडतोय म्हणून सांगितलं होतंस. हा त्याचाच जबाब आहे असं तू धरलंस. गुरुवारी गेलास.

माझा एक उपचार शिल्लक होता.

मी खोटं बोलले. त्या सकाळी तुझं बोलणं मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. तू जाणार, बाबा काही बोलणार नाहीत, आणि या घरात त्या गप्प माणसाबरोबर मी राहणार, हे मला तिथेच कळलं. मग दुपारी खेळताना तू म्हणालास, "ताई, तू आपली मागे राहून पट्ट्या बांध." मला वाटलं, एकदा आपटू दे याला. मरशील असं वाटलं नव्हतं. भाल्याचा पाच पडेल असं वाटलं नव्हतं. मग तू बाबांवर ओरडलास, तेव्हा मला तोंड उघडता आलं असतं. उघडलं नाही. त्या दिवशी नाही, गुरुवारी नाही, आणि अकरा वर्षं नाही.

वहीत त्या पानावर बाबांनी त्यांच्या नकाशातल्या अक्षरात लिहिलंय, "वैद्यीण: उपचार शिल्लक १."

सूत्रधार सगळ्यांचं टिपून ठेवतो, हे मी कशी विसरले? त्यांना त्या क्षणी माहीत होतं. मी सांगेन म्हणून ते थांबले असतील. मग तू गेलास, तुझा राग त्यांच्यावर, आणि त्यांनी तो राहू दिला. एका शब्दाने तो माझ्यावर टाकता आला असता. अकरा वर्षं समोरासमोर जेवलो, छोट्या. एकदाही त्यांच्या नजरेत मला ते दिसलं नाही. मी आज त्या प्रत्येक जेवणाकडे मागे वळून बघते आहे.

शेवटच्या वहीच्या मागच्या खिशात आणखी एक कार्ड सापडलं. नव्या आवृत्तीच्या पद्धतीने आखलेलं. बाबांनी ते पुस्तक आणलं, वाचलं, आणि चारशे बारा माणसांतलं कोणीही त्यात उतरवलं नाही. त्यांनी एकच माणूस उतरवला. तुझा वाटाड्या. प्राण, शून्य. जागा, ओला जिना, नववी पायरी.

नव्या आवृत्तीत शून्यावर आलेला मरत नाही, पडतो. मग दर डावाला त्या खेळाडूने स्वतः वीस बाजूंचा फासा टाकायचा. तीनदा दहा किंवा वर आले की तगला, तीनदा खाली आले की गेला. त्यासाठी तीन आणि तीन गोल असतात. बाबांनी ते सहाही गोल कंपासने काढलेत, आणि एकही भरलेला नाही. बाजूला लिहिलंय, "फासा त्याचा." चार वर्षं त्यांनी तुझ्यासाठी फासा टाकला नाही.

आणि नियम आणखी एक सांगतो. तो पडलेला असताना सोबतच्या कोणी उपचार केला, तर तो उठून बसतो. कार्डाच्या तळाशी आहे, "शेजारी वैद्यीण, दोन पावलांवर. उपचार शिल्लक १."

बाबांनी तुला मारलं नाही. मी मारलं. हे तुला कळायला हवं होतं.

ताई


६ ऑक्टोबर, रविवार

छोट्या,

मागचं पत्र तुला मिळालं असेल किंवा नसेल. हे त्याच्या पाठोपाठ.

आज तीन वाजता दोघे आले. मी चहा ठेवला आणि वाटाड्याचं कार्ड टेबलावर ठेवलं. म्हटलं, आज आधी हे.

मास्तरांनी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि ठेवून दिलं. "नाही. मला नाही पटत. नव्या नियमाने जुना निकाल फिरवायचा? मग आतापर्यंत मेलेले सगळे उकरून काढावे लागतील."

"माझे तीन मेले," टेलरकाका म्हणाले. "मी एकाचं तरी नाव काढलं का कधी?"

"दर महिन्याला काढतोस."

"ते आठवण म्हणून."

मग मी सांगितलं. तुला लिहिलं तसंच, उभं राहून, कारण बसून जमलं नसतं. सांगून झाल्यावर टेलरकाका खाली बघत राहिले. त्यांनी टेबलावरचं एक सुतासारखं काहीतरी बोटाने बाजूला केलं. म्हणाले, "तुझा बाप आमच्या दुकानात येऊन बसायचा त्या वर्षी. तास तासभर. मी मशीन चालवायचो, तो बसायचा. मला वाटलं, पोरगा गेला म्हणून."

मास्तरांनी खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, ते उठून जातील. शेवटी त्यांनी कार्ड पुन्हा उचललं. "म्हणजे निकाल फिरवायचा नाहीये," ते म्हणाले. "डाव राहिला होता. खोटं सांगितलेला डाव हा खेळलेला डाव नव्हे. बस खाली. आज तू आडोशामागे नाहीस." ते स्वतः बाबांच्या जागेवर जाऊन बसले. आडोसा घडी करून बाजूला ठेवला. "हे उघड्यावर."

मग त्यांनी शाळेतल्या आवाजात सांगितलं. जिना ओला आहे. नवव्या पायरीवर वाटाड्या पडला आहे. वर तिघांपैकी एक भालेकरी पडलाय, दोन उभे आहेत. मास्तरांनी दोन फासे टाकले, भालेकऱ्यांच्या धीरासाठी. जुना नियम, मी नव्या कार्डावर आखलेला रकाना. नऊ पडले. त्यांचा धीर सात. "ते खचले," मास्तर म्हणाले. "वर पळत गेले. जिन्यावर तुम्ही तिघंच आहात. वैद्यीण, तुझा डाव. काय करतेस?"

छोट्या, ते शब्द तेच होते. मला एकच वाक्य म्हणायचं होतं, तरी मी फासा उचलून पुन्हा खाली ठेवला. टेलरकाकांनी त्यांचा कप माझ्यापुढे सरकवला.

मी म्हटलं, "माझा एक उपचार शिल्लक आहे. मी दोन पावलं वर जाते आणि त्याला देते."

किती प्राण परत येतात ते ठरवायला आठ बाजूंचा फासा टाकला. दोन पडले. दोनच.

"दोन तर दोन," टेलरकाका म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "शून्य तर नाही ना."

मास्तरांनी बाबांच्या पेन्सिलीने शून्य खोडलं नाही. त्याच्या पुढे दोन लिहिला, मधे बाण काढून. सहाही गोल तसेच राहिले. मग म्हणाले, "वाटाड्या डोळे उघडतो. अंगाखाली दगड गार आहे. खालून पाण्याचा आवाज येतोय, आणि त्यात वल्ह्याचाही. शहर जिथल्या तिथे आहे. आता त्याचा डाव."

आम्ही तिघांनीही तुझ्या खुर्चीकडे बघितलं. ती रिकामी आहे हे आम्हाला माहीत होतं, तरी बघितलं. मला वाटलं, नकाशातलं पाणीसुद्धा थांबलं आहे. कासार, रखवालदार, सुईण, दिवेवाला आणि त्याची नात, सगळी चारशे बारा माणसं आपापल्या जागी मान वर करून उभी आहेत, बाबांनी त्यांना जेवढा धीर दिला तेवढ्यावर. ते सगळं खरं नाही हे मला कळतं. मी गेजवर शिक्के मारणारी बाई आहे. पण मी इतकं मोठं काही आजवर पाहिलेलं नाही.

"मग? पुढच्या रविवारी?" टेलरकाकांनी विचारलं.

"त्याचा डाव झाल्याशिवाय दुसऱ्याचा नाही," मास्तर म्हणाले.

ये असं मी लिहीत नाही. मला माफ कर असंही लिहीत नाही, ते मागायचा मला हक्क नाही. एका पोस्टकार्डावर, वाटाड्या उठतो की पडून राहतो, की जिना उतरून त्या शहरातून कायमचा निघून जातो, एवढं कळवलंस तरी मास्तर ते टिपून घेतील. काहीच कळवलं नाहीस तर आम्ही थांबू. थांबणं आम्हाला आता जमतं.

दोघे सहाला गेले. मी कप विसळले. बाथरूमचा नळ आठवडाभर ठिबकत होता, त्याचा वायसर कालच आणून ठेवला आहे. हे पत्र पेटीत टाकून आले, की मेन व्हॉल्व्ह बंद करीन, पाना घेऊन नळ खोलीन, नवा वायसर बसवीन. मग पाणी सोडून थोडा वेळ नळाखाली हात धरून बघायचं, कोरडा राहतो का ते.

ताई